मण्यांचा ऑक्सिजन

राजनंदिनीला फक्त एक छोटा बर्नर हवा होता. खरंच छोटा! टेबलाच्या कडेला आवळून बसवायचा, बारक्या गॅसच्या डब्यावर चालणारा. त्याच्या ज्योतीत काचेची कांडी धरली की ती काकवीसारखी मऊ होते आणि लोखंडी तारेभोवती गोल गोल फिरवली की तिचा मणी होतो. दहावीची परीक्षा देऊन ती युसूफ वडगावला आज्जी-आबांकडे सुट्टीला आली होती आणि आल्यापासून मोबाइलवर मण्यांशिवाय दुसरं काही बघत नव्हती. लोक नाच बघतात, क्रिकेट बघतात, ही काच वितळताना बघायची आणि मध्येच एकटीच "अगं बाई!" म्हणायची.

"आबा, नवशिक्यानं काय काय घ्यायचं ते सगळं शोधलंय मी," ती एका सकाळी म्हणाली. "तुम्ही कबूल केलं होतं, परीक्षा झाली की मागशील ते देतो म्हणून."

"देतो की," भगवानराव म्हणजे आबा म्हणाले. "केवढा असतोय ह्यो बर्नर?"

राजनंदिनीनं मूठ दाखवली. आबांचा चेहराच पडला.

"एवढुसा? लोकं म्हनतील, भगवानरावानं नातीला लायटर घेऊन दिला!"

"आबा, शिकताना छोटाच घ्यायचा असतो."

"आमी ट्रॅक्टर शिकलो ते काय खेळन्यातल्या ट्रॅक्टरवर का?"

आबांचा मोठेपणा त्या आठवड्यात जरा जास्तच फुगलेला होता आणि त्याला कारणही होतं. सोमवारी गावच्या सोसायटीच्या चेअरमनची निवड होती. आबा जन्मभर संचालक होते, पण चेअरमनच्या खुर्चीनं त्यांना कायम हुलकावणी दिली होती. त्या खुर्चीत बसायचे आश्रुबा. वयानं आबांपेक्षा लहान, आवाजानं दुप्पट. यंदा मात्र संचालकांचं पारडं जेमतेम का होईना आबांकडं झुकलं होतं. म्हणून आश्रुबांनी गावभर एकच पालुपद लावलं होतं, "आबा थकले आता. त्यांना खुर्ची नका देऊ, खाट द्या." ते ऐकल्यापासून आबा घरातल्या घरातसुद्धा छाती पुढं काढून चालत होते.

बर्नरचा सल्ला विचारायला त्यांनी गावातल्या मुंजाजी वेल्डरला बोलावलं. मुंजाजीनं आयुष्यात मणी केला नव्हता, पण आग हा विषय निघाला की तो कुणाचंच ऐकत नसे.

"दोन गॅसचा घ्या, आबा. हिकडून सैपाकाचा गॅस, तिकडून ऑक्सिजन. अशी ज्योत निघती की लोखंडाचं लोनी व्हतंय!"

"काका, मला काच वितळवायचीय," राजनंदिनी म्हणाली.

"मंग काचंचं ताक व्हईल. घ्या बिनधास्त."

झालं. मुठीएवढ्या बर्नरची गोष्ट तिथंच संपली. बर्नर मोठा ठरला आणि ऑक्सिजन म्हटल्यावर त्याचं सिलिंडर आलंच. मुंजाजी अंबाजोगाईच्या सप्लायरकडून सांगून ठेवणार होता. "लहान मिळतंय, पर सारखं भरून आनावं लागतंय," तो म्हणाला. आबांनी लहान हा शब्द ऐकूनच हात झटकला.

बाकीची खरेदी तरी राजनंदिनीनं आपल्या मनासारखी केली. काच तापली की डोळ्यांपुढं पिवळा लखलखाट होतो आणि आतला मणी दिसतच नाही, म्हणून खास जांभळट चष्मा लागतो. आबांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा पुढं केला होता. तो तिनं अदबीनं परत केला. काचेच्या कांड्या फिरोजाबादहून मागवल्या, सगळ्या एकाच जातीच्या. कारण दोन जातींच्या काचा एकत्र वितळवल्या तर जुळल्यासारख्या दिसतात आणि थंड होताना तडकतात.

"आमच्या पॅनलसारखं," आबा म्हणाले.

मणी गुंडाळायला सायकलचे स्पोक, मणी त्यांना चिकटून बसू नये म्हणून पांढऱ्या मातीचा लेप, आणि गरम मणी हळूहळू निवायला आज्जीच्या चुलीची राख. रिकाम्या गोठ्यात पत्रा ठोकलेलं टेबल लागलं. आता फक्त सिलिंडर यायचं होतं.

ते आलं भर दुपारी. आबा जेवून आतल्या खोलीत आडवे झाले होते. अंबाजोगाईची ती गाडी दवाखान्यांनाही माल पोचवायची, त्यामुळे तिच्या अंगावर लाल अक्षरात लिहिलं होतं – ऑक्सिजन, तातडीची सेवा. ड्रायव्हरला पुढं दवाखान्यात जायची घाई होती, म्हणून तो चौकापासून हॉर्न दाबतच आला. सिलिंडर उभं केलं तर राजनंदिनीच्या कानापर्यंत आलं. गोठ्याच्या मागच्या दारातून ते वळेना, तेव्हा मुंजाजी आणि ड्रायव्हर "सांभाळून, सांभाळून!" करत ते पुढच्या दारानंच आत घेऊन गेले.

शेजारच्या गच्चीवर छबुबाई कुरडया वाळत घालत होत्या. त्यांच्या हातातली कुरडई हातातच राहिली.

इकडं आज्जीनं, म्हणजे वत्सलाबाईंनी, लगबगीनं ताट आणलं. घरात नवी वस्तू आली की तिला हळदीकुंकू वाहायचं, दिवा ओवाळायचा. मिक्सरला ओवाळलं, फ्रिजला ओवाळलं, मग सिलिंडरनं काय घोडं मारलं? त्यांनी निरांजनात तुपाची वात घातली आणि काडी ओढणार, तोच राजनंदिनी किंचाळली. तिचंही बरोबर होतं. ऑक्सिजनच्या नळाला तूप-तेलाचं बोट लागलं तरी भडका उडू शकतो, हे तिनं दहा वेळा वाचलं होतं.

"आज्जी, दिवा नको! आत्ताच दिवा लावू नको गं! थांब!"

गच्चीवर छबुबाईंनी शब्द न् शब्द नीट ऐकला. आता तुम्हीच सांगा, दारात ऑक्सिजनची गाडी, आत घरधनी आडवा, आणि नात ओरडतेय की आत्ताच दिवा लावू नको. गावात दिवा कुणाच्या उशाशी लावतात हे काय छबुबाईंना सांगायला हवं होतं? त्यांनी कुरडया तशाच टाकल्या आणि फोन उचलला.

बातमी गल्लीतून निघाली तेव्हा आबांना नुसता ऑक्सिजन लागला होता. पारापर्यंत पोचेस्तोवर एक फुप्फुस गेलं. स्टँडवर पोचली तेव्हा दुसरंही गेलं होतं, आणि केजच्या बसमधल्या कुणीतरी तर मातीची वेळसुद्धा विचारली.

आबा डोळे चोळत बाहेर आले तर ओसरीवर चपलांचा ढीग! छबुबाई बिस्किटाचा पुडा छातीशी धरून सगळ्यात पुढं. रिकाम्या हातानं आजाऱ्याला भेटायचं नसतं, त्यामुळं प्रत्येकाच्या हातात काही ना काही होतं. बिस्किटं, शहाळी, एकाकडं तर गडबडीत घेतलेला कांद्याचा चिवडा.

"कावून उठले वं आबा?" छबुबाई कळवळून म्हणाल्या. "पडून ऱ्हावा की!"

"मला काय झालंय?"

सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. छबुबाईंनी पदर डोळ्याला लावला. "आमच्या सासऱ्याला बी असंच शेवटपत्तूर वाटत न्हवतं काई झालंय म्हनून."

"अवो, ते सिलिंडर पोरीचं हाय! ती मणी करनार हाय काचंचे!"

राजनंदिनी पळत जाऊन काचेच्या कांड्या घेऊन आली. एकदा वस्तू दाखवली की संपलं, असं तिला वाटलं. छबुबाईंनी एक लांबलचक पोकळ कांडी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि मागच्यांना दाखवली.

"अगं माय! ह्या नळ्या नाकात घालत्यात व्हय?"

"नाकात नाही, छबुमावशी! ह्याचे मणी होतात!"

"पोरगी भ्याली हो लई," छबुबाई मागं वळून हळूच म्हणाल्या. "काईबी बोलायली."

गर्दीत आबांच्या बाजूचे संचालकही होते आणि ते सारखे एकमेकांच्या कानाला लागत होते. सोमवारी मत कुणाला द्यायचं याचा त्यांचा विचार बदलत होता, हे आबांना तोंडावरून कळत होतं.

"थांबा, दावतोच तुमाला!" असं म्हणून आबांनी धोतराचा काचा मारला आणि अंगणात बैठका सुरू केल्या. तरुणपणी ते शंभर काढायचे. आता सातव्या बैठकीला गुडघ्यानं कट्कन आवाज दिला, आठव्या बैठकीला श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला.

"बगा! धाप लागली!" पाच-सहा जण एकदम ओरडले आणि त्यांनी आबांना उचलून आत खाटेवर ठेवलं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हंबरडा ऐकू आला. तेलगावहून आबांची लेक, वनमाला आत्या आली होती. तिनं दारापासून आबांपर्यंतचं अंतर रडतच कापलं आणि गळ्यात पडली.

"आबा वं! मला कावून कळवलं न्हाई?"

"अगं वने, काय कळवनार? मी ठणठणीत हाय!"

"शेवटी शेवटी समदे असंच म्हनत्यात!"

आबांनी नातीला जवळ बोलावलं. त्यांचे डोळे लाल झाले होते. "नंदे, तुज्या मण्यापायी माजी खुर्ची चालली. ते भोंगळं सिलिंडर आत्ताच्या आत्ता वापस पाठव."

"छोटा बर्नर मी मागितला होता, आबा!" राजनंदिनीनं कमरेवर हात ठेवले. शाळेत असताना ती मोठ्यांपुढं अशी बोलत नसे, पण दहावी झाल्यापासून तिला आपलं म्हणणं बिनधास्त मांडता यायला लागलं होतं. "मोठं मोठं कोण करत होतं?"

आबा उत्तर देणार, इतक्यात बाहेर गर्दी दुभंगली. आश्रुबा आले होते. हातात शहाळी नाही, चांगली फळांची करंडी. त्यांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, खाटेच्या पायथ्याशी बसले, सिलिंडरकडं एकवार वरपासून खालपर्यंत बघितलं. आश्रुबांचं गणित सरळ होतं. माणूस तर चाललाच आहे. खुर्ची दिली तरी किती दिवस? पण आज चार लोकांत ती दिली तर गाव जन्मभर नाव घेईल, आणि खुर्ची काही दिवसांनी फिरून आपल्याच दारात.

"आबा," आश्रुबा गहिवरले, "आपलं राजकारन गेलं चुलीत. समद्या गावासमोर सांगतो. यंदा चेअरमन तुमीच. मी अर्ज भरत न्हाई. बिनविरोध!"

आबांचं तोंड उघडंच होतं. "अरे मला काय झा–" इतकं ते बोलून बसले होते.

मग त्यांनी तोंड मिटलं. हळूच एक हात उशीला लावला. हळूच पाय लांब केले. आणि आडवे होता होता ते अगदी बारीक आवाजात म्हणाले,

"वत्सला... जरा पानी."

राजनंदिनीनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. हसू येत होतं की ओरडावंसं वाटत होतं, तिचं तिलाच कळेना.

सोमवारपर्यंत मग आबांनी खाट सोडली नाही. सिलिंडर गोठ्यात जायचं ते खाटेशेजारी उभं राहिलं. वनमाला आत्यानं आपल्या लेकाच्या वाफाऱ्याच्या मशीनचा मास्क आणला, राजनंदिनीनं त्याला बर्नरची नळी जोडली आणि सिलिंडरचा नळ घट्ट बंद ठेवला. आबा जरा खोकले की आत्या नळाकडं झेपावायची आणि राजनंदिनी आडवी यायची. भेटायला येणाऱ्यांपैकी कुणी उदबत्ती लावायला लागलं की ती "विझवा!" म्हणून ओरडायची आणि लोक म्हणायचे, पोरीचा जीव आहे हो आज्यावर. चिवड्याचा पुडा आबांनी पांघरुणाखाली लपवून संपवला.

"आबा, माझा बर्नर कधी लागणार?" ती रोज कानाशी लागायची.

"सोमवार होऊ दे."

"नाहीतर मी ओसरीवर जाऊन सांगू का सगळ्यांना?"

"सोमवार संध्याकाळी!" मास्कमधून आबा घाबरून म्हणाले. "सिलिंडर तुजं, गोठा तुजा!"

सोमवारी आबा बिनविरोध चेअरमन झाले, व्हाईस चेअरमनपद आश्रुबांनी घेतलं. अर्जावरची सही खाटेवरच झाली होती. दुपारी गुलाल घेऊन सगळे घरी आले. आबांनी मनात ठरवलं होतं, हार गळ्यात पडला की उठून बसायचं आणि म्हणायचं, गावाच्या प्रेमानं बरा झालो. भाषणसुद्धा तयार होतं. हार पडला. आबा कोपरावर उठले. आणि आश्रुबांनी दोन्ही खांदे धरून त्यांना अलगद परत झोपवलं.

"न्हाई, न्हाई! आबांनी हलायचं न्हाई. व्हाईस चेअरमन मी हाय न्हवं? कारभार मी बगतो, खुर्चीत मी बसतो. कागद घरपोच येतील, आबांनी पडल्या पडल्या सही करायची!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आबांच्या तोंडावरचा मास्क दोनदा फुगला आणि खाली बसला.

आता करायचं काय? उठावं तर ढोंगी ठरायचं. पडून राहावं तर खुर्चीत आश्रुबा. गुलाल तर आपल्या नावाचा उधळला होता. भेटायला येणारे कमी झाले, आत्या तेलगावला परतली, आणि चेअरमन भगवानराव भिंतीवरच्या पालीकडं बघत दिवस काढू लागले.

राजनंदिनीनं मात्र सोमवारचा शब्द पाळून घेतला. मुंजाजीनं मागच्या दाराची चौकट थोडी खरवडली आणि सिलिंडर गोठ्यात गेलं. पहिल्या दिवशी ज्योत फुर्रकन निघाली तेव्हा ती आनंदानं नाचलीच. पहिला मणी वाटाण्यासारखा झाला, दुसरा बटाट्यासारखा. तिसरा घाईत राखेबाहेर काढला तर टक् करून दोन तुकडे. मागच्या दारानं आबा हळूच आत आले. बघत राहिले. मग म्हणाले,

"थांबायलीस कावून मधीच? फिरवत ऱ्हा की. थांबलं की एका बाजूला ओघळतंय ते."

"मग तुम्हीच करून दाखवा!"

त्यांनी जांभळट चष्मा चढवला आणि बसले. ते बसले ते बसलेच! खाट सुटली, पाल सुटली. आबांचे मणी वांग्याच्या आकाराचे व्हायचे, पण त्यांना त्यांचं भारी कौतुक. निळ्या काचेवर पांढरा ठिपका जमला त्या दिवशी तर त्यांनी आज्जीला हाक मारून तो दाखवला. आज्जी म्हणाली, "चेअरमन झाल्यावर बी इतकं हसला न्हवतात."

आणि एका सकाळी नेमकं तेच झालं जे व्हायचं होतं. पुढं कुणी दिसेना म्हणून आश्रुबा कागद घेऊन थेट मागं गोठ्याशी आले. त्यांच्या चपलांचा आवाज आबांनी ओळखला. खाट दहा पावलांवर होती. पण स्पोकवर लालभडक मणी होता, आणि मणी काही कुणासाठी थांबत नाही.

"आबा, फिरवत राहा!" राजनंदिनी कुजबुजली. "सोडला तर गेला!"

आबांनी एकदा खाटेच्या दिशेला बघितलं, एकदा मण्याकडं. आणि फिरवत राहिले.

आश्रुबा दारात उभे. जांभळा चष्मा, सुसाट ज्योत, घामानं डवरलेले ठणठणीत आबा. आश्रुबांनी सगळं बघितलं आणि त्यांना सगळं कळलं. राजनंदिनीला वाटलं, आता हा माणूस चौकात जाऊन बोंब ठोकणार, खुर्ची गेली, अब्रू गेली.

आश्रुबांनी मागं वळून कुणी बघत नाही ना, ते पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "ऑक्सिजन चालू हाय न्हवं?"

"हाय की," आबा म्हणाले. "दिसत न्हाई का?"

"चालू ऱ्हाऊ द्या." आश्रुबांनी दार मागून ओढून घेतलं. "गावात मी सांगतो, आबांचं अजून तसंच हाय म्हनून. तुमी काई उठायची घाई करू नका. ह्या कागदावर तेवढी सही करा, बँकेचा मानूस सोसायटीत येऊन बसलाय."

आबांनी ज्योतीतला मणी उचलून डोळ्यांसमोर धरला. मग सावकाश राखेत खुपसला. आश्रुबांनी पेन पुढं केलं. आबांनी त्या पेनाकडं बघितलं, आश्रुबांकडं बघितलं, आणि टेबलावरची हिरवी कांडी उचलून नव्या स्पोकला लावली.

"आबा, बँकेचा मानूस..."

"बसा की. ती बादली पालथी घाला अन् बसा."

आश्रुबा बादलीवर बसले. कागद मांडीवर, पेन हातात. हिरवी काच हळूहळू तापत होती, अजून नुसती टोकालाच लाली आली होती.

"किती येळ लागंल?" आश्रुबांनी विचारलं.

"आश्रुबा," ज्योतीवरची नजर न काढता चेअरमन म्हणाले, "आजारी मानसाला घाई करू न्हाई."